गळक्या टाकीचे डॉक्टर

डॉक्टरांनी मला दवाखान्यात दाई म्हणून ठेवलं होतं, पण माझं खरं काम मांडीवर कळशी धरून बसण्याचं होतं. गाडीला जागा दोनच. एकीवर डॉक्टर, दुसरीवर मी, मांडीवर पाण्याची कळशी आणि पायांत औषधांची पेटी. दर तीन-चार मैलांवर गाडी थांबायची. डॉक्टर टोपण उघडायचे, मी पाणी ओतायची. रस्त्यावरच्या बायकांना वाटायचं, काय थाट आहे हिचा, विलायती मोटारीतून हिंडते. उतरल्यावर माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं असायचं, तो थाट कुणाला दिसत नव्हता.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चिंचवड तेव्हा गावच होतं. पिंपरीला नुकतेच कारखाने उभे राहत होते आणि चाकणला कांद्याशिवाय काही नव्हतं. आमचा दवाखाना चिंचवडला, पण बोलावणी रावेतपासून चाकणच्या पुढपर्यंत यायची. एवढ्या टापूत दुसरा शिकलेला डॉक्टर नव्हता, म्हणून आमचे सगळ्यांत हुशार.

गाडी एका गोऱ्या साहेबाची. विलायतेला परत जाताना त्यानं ती डॉक्टरांच्या गळ्यात मारली. शर्यतीची गाडी होती. बुटकी, लांब नाकाची, डोक्यावर छप्पर नाही. तिकडे ती कधीतरी शर्यतीत पहिली आली होती म्हणे. आमच्या रस्त्यावर तिच्यापुढे बैलगाड्या निघून जायच्या आणि गाडीवान मागे वळून हसायचे.

त्या लांब नाकाच्या आत पितळेची टाकी होती. इंजिन तापतं, ते गार राहावं म्हणून या टाकीतलं पाणी आत फिरत असतं. चौथी पास बाईला एवढं कळलं, कारण ते पाणी मीच भरत होते. ती टाकी सांध्यावर गळायची. मी कामाला लागले त्या दिवशी गळत होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, "किरकोळ आहे, होईल बरी." पाच वर्षं ती बरी होत होती.

डॉक्टर उंच, वाळके, नाक गाडीसारखंच लांब. वर कोट, खाली पायजमा. माझ्याशी एरवी अगं-तुगं, पण रागावले की अहो-जाहो करायचे. "अहो बाई" ऐकू आलं की कंपाउंडरसुद्धा बाटल्या पुसायला लागायचा. बोलायची सवय अशी की रोग्याला तोंड उघडायला मिळायचं ते फक्त जीभ दाखवायला. त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, "गळतंय म्हणजे आत काहीतरी आहे. कोरडं पडलं की काळजी करा." हे ते पोरांच्या नाकाबद्दल म्हणायचे, फोडाबद्दल म्हणायचे, सासरी निघालेल्या पोरीच्या डोळ्यांबद्दलही म्हणायचे. मी सुरुवातीला याला ज्ञान समजत होते. मग कळलं, ती टाकीची वकिली होती.

गाडीचा केसपेपर होता. खोटं वाटेल, पण दवाखान्यातल्या कपाटात सगळ्यांत वर तोच असायचा. नाव: गाडी. वय: अठ्ठावीस. तक्रार: गळती. खाली रोजचा ताप, म्हणजे किती मैलांवर किती तापली ते. कुठल्या दिवशी काय उपचार केला तेही. केसपेपरवर एकदा शाईनं लिहिलं की डॉक्टर ते कधी खोडत नसत आणि मोडतही नसत. "लिहिलं ते झालं पाहिजे," म्हणायचे. त्या एका गोष्टीत माणूस पक्का होता.

आणि उपचार काय? एखादी बाई भाजलेल्या पोराला हळद लावून घेऊन आली की डॉक्टर तिला उंबऱ्यावरच झाडायचे. "हळद भाजीत घालतात बाई, अंगावर नाही! ही अडाणी औषधं करायची होती तर माझ्याकडे कशाला आलात?" ती बिचारी रडकुंडीला यायची. त्याच वेळी मी मागच्या पडवीत बसून गाडीसाठी हळद कुटत असायची. हळद टाकीत टाकली की ती गळक्या जागी जाऊन बसते, असं त्यांचं म्हणणं. हळदीनंतर अंड्याचा पांढरा बलक झाला. मग साबण. मग मोडलेल्या हाताला घालतात तसलं पांढरं प्लास्टर, वर तारीख घातलेली. तीन दिवसांनी ते प्लास्टर रस्त्यात पडलं. मागून येणाऱ्या मेंढपाळानं उचलून आणून दिलं. त्याला वाटलं, कुणाचा पाय राहिला.

गाडी बंद पडली की ढकलावी लागे. डॉक्टरांनी नियम केला होता, जो गाडी ढकलेल त्याचा नंबर पहिला. त्यामुळे सकाळी दवाखान्यासमोर कुंथणाऱ्या-कण्हणाऱ्या माणसांची गाडीमागे झुंबड. आकुर्डीचा एक दम्याचा म्हातारा रोज यायचा. ढकलून ढकलून त्याला धाप लागायची, आणि धाप लागली म्हणून पहिला नंबर मिळायचा. डॉक्टर त्याच्या छातीला नळी लावून गंभीरपणे म्हणायचे, "तुम्ही श्रमाची कामं करू नका."

दुसऱ्याचा दात दुखला की आमच्या डॉक्टरांच्या हातात लगेच पकड. पण गाडीची टाकी बदला म्हटलं की ते असा चेहरा करायचे, जसं काही मी त्यांचं मूत्रपिंडच मागितलंय. "मूळचा अवयव आहे तो," म्हणायचे.

इथवर हसण्यासारखं आहे. आता हसण्यासारखं नसलेलं सांगते.

माझी धाकटी बहीण चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठच्या गावात दिली होती. तिची पहिली खेप अडली तेव्हा बोलावणं आलं, आम्ही निघालो. मोशीच्या अलीकडे कळशीतलं पाणी संपलं. टाकी रिकामी, आणि इंजिन इतकं तापलं की बोनेटवर हात ठेववेना. डॉक्टरांचा नियम असा की इतक्या तापलेल्या टाकीचं टोपण अर्धा तास उघडायचं नाही. विहिरीवरून पाणी आणलं आणि सावलीत बसून अर्धा तास मोजला. आम्ही पोचलो तेव्हा मूल होऊन गेलं होतं. निळं, गार. गावच्या सुईणीनं ते फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. बहिणीनं मला एवढंच विचारलं, "अक्के, कुठं अडकलीस?"

 दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टाकीत परत हळद टाकली.

दोन वर्षांनी बहिणीला परत दिवस गेले. सातवा महिना लागला तशी मी डॉक्टरांच्या मागे लागले. आज सांगितलं, उद्या सांगितलं. ते म्हणायचे, "बघू." शेवटी मी कपाटातून गाडीचा केसपेपर काढला आणि माझ्या चौथीच्या अक्षरात, शाईनं, खाली लिहिलं: पेशंट बरा होत नाही. टाकी काढून नवीन घालावी.

संध्याकाळी त्यांनी तो कागद पाहिला. चष्मा काढून पुसला, परत पाहिला.

"अहो बाई, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"अधिकार काय तुमचा?"

"पाच वर्षं लुगडं भिजतंय."

त्यांनी टाक उचलला. मला वाटलं, आता खोडणार. पण तारीख घातली नव्हती, ती घातली आणि कागद परत कपाटात ठेवला.

चाकणला गुलाबभाई मिस्त्री होते. कांद्याच्या लॉऱ्या दुरुस्त करायचे. त्यांना बोलावलं. त्यांनी बोनेट उघडलं, आत बोट फिरवलं, ते पिवळं झालं. ते बोट डॉक्टरांसमोर धरून म्हणाले, "डॉक्टरसाब, ही टाकी मेली. मेलेल्याला कितीबी हळद लावा, नवरदेव होत न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं," आणि खरंच बाहेर जाऊन रोग्यांच्या बाकावर बसले. दम्याचा म्हातारा शेजारी होता. त्यानं त्यांचा हात हातात घेतला. मधूनच डॉक्टर ओरडून विचारायचे, "गुलाबभाई, कसं आहे?" आतून उत्तर, "निघंना साब. जीव अडकलाय." तासाभरानं निघाली. सांध्याला हात लावला तर फुटाण्यासारखे तुकडे पडले.

तसली टाकी विकत मिळणार नव्हती. गाडी ज्या कंपनीची, ती कंपनीच बुडालेली. गुलाबभाई म्हणाले, पुण्याला एखाद्या तांबटाकडून तांब्याची करून आणा, बसवून मी देतो. मी जुनी टाकी पोत्यात घातली आणि दुधाच्या लॉरीतून पुण्याला गेले. जाण्याआधी एक शहाणपणा केला. जिथून पाणी गळताना मी पाच वर्षं पाहिलं होतं, तिथं चुन्यानं खुणा केल्या. एक सांध्यावर. दुसरी टाकीच्या गळ्याशी. तिथून एक बारीक नळी निघून खाली चाकाकडे जायची. तिच्यातूनही थेंब थेंब पडायचं.

तांबट म्हातारा होता, कामाला चोख. टाकी फिरवून फिरवून बघितली. म्हणाला, "सगळी नवीन घडवतो, फक्त गळा जुना जोडतो, टोपणाचे आटे जमायला पाहिजेत. पण ही दुसरी खूण कसली? हे भोक मुद्दाम ठेवल्यासारखं दिसतंय."

"भोक कोण मुद्दाम ठेवतं?" मी म्हटलं. "बुजवा. एक थेंब गळता कामा नये."

"बघा हं बाई."

"बघितलंय. पाच वर्षं बघितलंय."

त्यानं नळी तशीच ठेवली आणि आतून तिचं तोंड कथलाचा डाग देऊन बंद केलं. असं सफाईनं की बोट फिरवलं तरी कळू नये. तांबटाला गळकं भांडं म्हणजे शिवी. त्यानं माझ्यासमोर टाकी काठोकाठ भरून दगडावर ठेवली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. दगड कोरडा राहिला. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

नवी टाकी बंबासारखी झळकत होती. सगळ्या अंगावर हातोडीचे ठोके. डॉक्टर म्हणाले, "ही गाडीला बसवायची की रुखवतात मांडायची?" गुलाबभाईंनी बसवली. रबरी नळ्या आवळल्या, ती बारीक नळीही चाकाकडे सोडली. बाहेरून तिला काहीच झालं नव्हतं, त्यांना शंका यायचं कारण नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही जवळपासच हिंडलो. गाडीखालची जमीन कोरडी. मी कळशी घरी नेऊन तिच्यात तांदूळ भरून ठेवले. डॉक्टर मात्र बेचैन. सकाळी उठून गाडीखाली वाकून बघायचे.

"बाई, हिचा एक थेंबही पडत नाही."

"म्हणून तर बदलली."

"पूर्वी तापली की थोडं सोडायची. आता टोपणापाशी नुसती फुसफुसते. लघवी न होणाऱ्या माणसाला आपण बरा म्हणतो का?"

"तुम्हाला गळकंच बरं वाटतं," मी म्हटलं. "सवय झालीय."

ते परत गाडीखाली वाकले. वादात मी त्यांना हरवलं ते तेवढंच एकदा, आणि तेव्हा ते बरोबर होते.

बहिणीचा नवरा सकाळी लॉरीनं आला. धापा टाकत म्हणाला, "आक्का, चला लवकर. पहाटेपासनं कळा हायेत, आन् सुईण म्हनती पाय खाली हायेत." मूल पायाळू. आम्ही निघालो. दोन जागांवर आम्ही दोघं आणि मेव्हणा बाजूच्या पायरीवर उभा, दार धरून. टाकी मी स्वतः काठोकाठ भरली होती. कळशी घेतली नाही. नव्या टाकीला कळशी कशाला?

डॉक्टरांनी गाडी अशी हाकली की त्या दिवशी बैलगाड्या खरंच मागे पडल्या. मोशी गेलं, इंद्रायणीचा पूल गेला. कुरुळीच्या चढावर टोपणाखालून शिट्टी वाजायला लागली आणि ताप दाखवणारा काटा शेवटाला गेला. डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली.

"थांबावं लागेल," ते म्हणाले. "निवू दे."

"किती?"

"माहीत आहे तुला किती."

"उघडा ते टोपण," मी म्हटलं. "वाफ जाईल आणि निघू."

"बाई, तापलेलं टोपण उघडत नाहीत."

"गेल्या खेपेला नाही उघडलं. काय झालं ते बघितलंत ना?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कोटाची बाही हातावर ओढली आणि टोपण फिरवलं.

ते टोपण गेलं शेतात. उकळतं पाणी माणूसभर उंच उडालं. डॉक्टरांचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला. ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते खाली बसले. मेव्हणा "आई आई" करत ओरडत होता, आणि त्याला काहीच झालं नव्हतं.

मागून कांद्याची गाडी येत होती. गाडीवान उतरला. "आरं द्येवा, ह्ये यंत्र फुटलं का काय?" त्याच्या गाडीखाली पाण्याचा डेरा टांगलेला होता. त्यातलं निम्मं पाणी मी डॉक्टरांच्या हातावर ओतलं. निम्मं टाकीसाठी ठेवलं. मेव्हण्यानं शेतातून टोपण शोधून आणलं.

डॉक्टर उठले. रिकाम्या टाकीच्या गळ्यात त्यांनी वाकून पाहिलं. डाव्या हाताचं बोट आत घालून नळीचं तोंड शोधलं, ते सापडलं नाही. मग खाली लोंबणाऱ्या बारीक नळीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्या क्षणी मला कळलं ते भोक कशासाठी होतं. तापलेलं पाणी फुगतं, त्याला बाहेर जायला वाट लागते. मी ती वाट बुजवून आणली होती, आणि वर चुन्यानं खूण करून.

मी "अहो बाई"ची वाट बघत उभी राहिले. ते म्हणाले, "इंजिन चालू ठेवून हळूहळू ओत. आणि टोपण अर्धंच फिरव, वाफ जाऊ दे."

पुढचे सात मैल त्यांनी डाव्या हातानं चाक धरलं आणि गिअर मी टाकले. ते "पुढे" म्हणायचे, मी दांडा पुढे ढकलायची. "मागे" म्हटलं की मागे. चाकणच्या बाजारातून आम्ही गेलो तेव्हा कांदे विकणारी माणसं उठून उभी राहिली. बाई मोटार चालवते म्हणून, की मोटार वाफ ओकते म्हणून, देव जाणे.

बहीण जिवंत होती. मूल अर्धं अडकलेलं. डॉक्टरांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरला आणि भिंतीशी बसले.

"हात धू. कोपरापर्यंत."

"मी?"

"माझ्या हाताला आता मिठाची पुडी सुटणार नाही. आणि तुझं मनगट बारीक आहे. धू."

पायाळू मूल सोडवताना मी त्यांना पाच वर्षं बघत आले होते, पण बघणं वेगळं. ते बोलत होते, मी करत होते. "ओढू नकोस. ओढलंस तर थोबाडीत मारीन, डाव्या हातानं. थांब. आता कळ येऊ दे. एक खांदा सोडव. बोट तोंडात घाल, हनुवटी खाली." बहीण मला शिव्या देत होती, सुईण देवाचं नाव घेत होती, आणि डॉक्टर एकसारखे बोलत होते. त्यांच्या बडबडीचा उपयोग झालेला मी तो एकदाच पाहिला. मूल आलं. निळं होतं. त्यांनी "उलटं धर, पाठ चोळ" म्हटलं. चोळली. मांजरासारखं काहीतरी ओरडलं.

सासूनं डोकावून बघितलं. "पोरगीच," म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय होता?"

त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं परत सरळ झाली नाहीत. बारीक टाके घालणं त्यांना जमेना. मग ते मी घालायला लागले. गुलाबभाईंनी सुईएवढं भोक पाडून नळीची वाट मोकळी करून दिली आणि गाडी पुढे बरीच वर्षं चालली. थोडी गळायची. मी कळशीतले तांदूळ काढले.

हाताचं लोक विचारायचे. दम्याचा म्हातारा तर रोज. डॉक्टर प्रत्येकाला तेच सांगायचे, "टोपण घाईनं उघडलं. माझा मूर्खपणा." ज्या माणसानं जन्मात कधी टोपण घाईनं उघडलं नव्हतं, तो हे सांगायचा. तांबटाचं नाव नाही, नळीचं नाव नाही, माझं तर नाहीच.

एकदा कपाट आवरताना मी विषय काढला. "डॉक्टर, ती नळी मीच—"

"बाई, बाहेर पेशंट बसलेत," ते म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. एवढा वटवट्या माणूस, नेमका तिथं गप्प बसला. मला ते अजून पचलेलं नाही.

भाचीला आता नातवंडं आहेत. मधूनमधून विचारते, "मावशी, डॉक्टर कसे होते गं? त्यांचा हात कशानं भाजला?"

मी सांगते, "तऱ्हेवाईक माणूस. टोपण घाईनं उघडलं."